चार नंबरची पेटी

दादाचा हात थरथरायला लागलाय हे आधी चहाच्या कपाने सांगितलं, मग सहीने आणि शेवटी कारखान्यातल्या, लोखंड कापणाऱ्या चार नंबरच्या मिलिंग मशीनने. कपाचं आणि सहीचं आम्ही हसण्यावारी नेलं. मशीनचं मात्र ऐकावंच लागलं. सव्वीस वर्षं ज्या हाताने हँडल फिरवून केसाच्या निम्म्या जाडीचा फरक पकडला, त्याच हाताने एका आठवड्यात चार जॉब, म्हणजे कापायला घेतलेले चार तुकडे, भंगारात घातले. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि हे आता वाढतच जाणार, एवढं सांगून ते मोकळे झाले.

मालकांनी त्याला केबिनमध्ये बोलावून गेटवरच्या वॉचमनची जागा देऊ केली. वाईट माणूस नाहीत ते, तसे चांगलेच आहेत, आणि म्हणूनच भांडायची सोय नव्हती. दादा घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडला. वहिनीने मला फोन केला आणि फोनवर नुसतीच रडली.

मी कम्प्युटर दुरुस्त करते. माझं छोटंसं दुकान आहे. मला मिलिंगमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण डोकं फिरलं की मला कुणी आवरू शकत नाही. मी थेट केबिनमध्ये गेले.

"हँडल फिरवायला मोटर बसवते आणि मोटरला हुकूम द्यायला कम्प्युटर," मी म्हटलं. "माझ्या भावाचा हात गेलाय, डोकं नाही गेलेलं."

मालकांनी बराच वेळ पेन टेबलावर आपटलं. "महिनाभर थांबतो. शेवटच्या शनिवारी अकरा वाजता माझ्यासमोर एक जॉब करून दाखवा. सहा भोकं, मध्ये कुठेही न थांबता. जमलं तर हे मशीन त्यांचं आणि बाकीच्या दहा मशीनांचं काम तुमचं. नाही जमलं तर गेट."

घरातला कम्प्युटर कारखान्यात नेणं म्हणजे लाडावलेल्या पोराला वसतिगृहात ठेवण्यासारखं आहे. तिथे हादरे, तेल, गरमी, आणि सगळ्यात वाईट म्हणजे बिडाची काळी भुकटी. बीड कापलं की ती पिठासारखी उडते, आणि ती लोखंडच असल्यामुळे कम्प्युटरच्या बोर्डावर बसली की नको तिथून वीज धावते. म्हणून मी जाड पत्र्याची पेटी करून घेतली. बोर्डाखाली रबराचे पाय, प्रत्येक स्क्रूला पक्का करणारा डिंक, झाकणाच्या कडेने रबराची पट्टी. हवा आत यायला एकच वाट ठेवली, तिच्यावर जाड फिल्टर आणि मागे पंखा. लाल बटण मात्र कम्प्युटरला न विचारता थेट मोटरांची वीज तोडेल असं जोडलं. कम्प्युटरवर माझा जीव आहे, विश्वास नाही.

"जपायचं काय काय ते सांगून ठेव," दादा म्हणाला.

"पाणी नको, तेल नको, जवळ चुंबक नको. आणि धुळीला जप. धूळ म्हणजे हिचा काळ."

"धुळीचं माझ्यावर सोड."

पहिला बोर्ड नवव्या दिवशी गेला. उघडून बघितलं तर आत काळी भुकटी. मला वाटलं, पट्टी कुठून तरी सुटली. मी दुप्पट जाड पट्टी लावली आणि दादाला पुन्हा बजावलं, धुळीला जप. दुसरा बोर्ड सहाव्या दिवशी गेला. आत पुन्हा भुकटी, आधीपेक्षा जास्त. मी अर्थिंग तपासलं, केबल बदलल्या, झाकणाच्या फटींना सिलिकॉन फासलं. दुकानात गिऱ्हाईक काय बोलतंय ते मला दोनदा विचारावं लागायचं. दादा नुसता पेटीकडे आणि मग माझ्याकडे बघायचा, आणि ते त्याचं बघणं मला सहन होत नव्हतं. तशा जातीचा एकच बोर्ड आता शिल्लक होता. तो मी बुधवारी बसवला. गुरुवार गेला, शुक्रवार गेला, पेटी चालली. मी दादाला तिसऱ्यांदा सांगितलं, "धुळीला जप रे बाबा, हात जोडते."

ठरलेल्या शनिवारी साडेदहाला मी पोचले. चहाची सुट्टी चालली होती. सगळे बाहेर, आणि दादा एकटा पेटीपुढे उकिडवा बसलेला. हातात हवेची गन. तिचं तोंड त्याने फिल्टरला टेकवलं होतं आणि कंप्रेसरची सगळी ताकद लावून, अगदी मन लावून, तो फिल्टर साफ करत होता. हात थरथरू नये म्हणून डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरलेलं.

"दादा! काय करतोयस?"

"धूळ काढतोय. आधी रोज एकदा करायचो. बोर्ड गेल्यापासून दर सुट्टीत करतो, तू म्हणालीस म्हणून."

फिल्टरवर अडकलेली भुकटी तो समोरून हवा मारून फिल्टरच्या आरपार आत घालत होता. मी जितकं बजावत होते तितकी जास्त.

"अरे, पण हवा मारायला तुला सांगितलं कुणी?"

त्याने भांबावून माझ्याकडे बघितलं. "तुझ्या दुकानात तू मारतेस की. ब्लोअर. मी कितीदा बघितलंय."

मारतेच मी. उघडलेल्या कम्प्युटरवर, घरातल्या धुळीवर, रोज मारते. पाणी, तेल, चुंबक सगळं सांगितलं आणि बंद पेटीच्या फिल्टरवर हवा मारायची नाही, हे सांगायचं मला सुचलंही नाही. दादाला माझ्या चेहऱ्यावरून सगळं कळलं असावं, कारण त्याने गन हळूच खाली ठेवली.

अर्धा तास हातात होता. पेटी उघडली. बोर्डावर काळी साय धरली होती. मी ब्रश फिरवला, स्पिरिट फिरवलं, फटीफटीत फुंकर घातली, चिपखाली जे बसलं होतं ते तसंच राहिलं. दादा टॉर्च धरून उभा होता आणि उजेड सगळीकडे नाचत होता. "धर ना नीट!" मी ओरडले, आणि त्याच क्षणी मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. टॉर्च त्याने दाताखाली धरली.

अकरा वाजता मालक आले. दादाने जॉब बांधला, मी कम्प्युटर चालू केला. पहिलं भोक. दुसरं. तिसऱ्याला मालकांनी मान डोलावली. चौथं, पाचवं. मी मनातल्या मनात मोजत होते, जिवाच्या आकांताने. टेबल सहाव्या जागी सरकलं, कटर खाली आला, बिडात शिरला, आणि स्क्रीन थिजली. कटर तिथेच घासत राहिला. दादाने लाल बटणावर मूठ मारली आणि सगळं शांत झालं.

"काय झालं?" मालकांनी विचारलं.

"चूक माझी आहे," मी म्हटलं. "पेटी नीट बंद होत नाही. भुकटी आत जाते."

"तीन बोर्ड गेले ना?"

"हो."

मालकांनी सुस्कारा सोडला. "मग ही पेटी घेऊन जा, बाई. दहा मशीनांचं विसरा. आणि तुम्ही सोमवारपासून गेटवर," ते दादाला म्हणाले.

ते वळले. तेवढ्यात दादा म्हणाला, "पेटीत खोट नाही, मालक."

"दादा, गप्प बस."

"हवा मी मारली. रोज. फिल्टरमधून सगळं आत गेलं ते माझ्यामुळे. पेटी चांगली आहे. दुसऱ्या कुणाला दिलीत तर वर्षं चालेल."

मी त्याचा दंड धरला होता. मालकांनी पेटी उघडायला लावली. फक्त फिल्टरच्या समोर पंख्यासारखी पसरलेली काळी रेघ होती, आणि रबराच्या कडा चारही बाजूंनी स्वच्छ. खोटं बोलायला जागाच नव्हती.

"दुसऱ्या जातीचा बोर्ड शोधा. चार नंबरपासून सुरू करा," ते मला म्हणाले. "चालवायला मी दुसरा माणूस देतो."

मी नाही म्हणणार होते. दादा म्हणाला, "नाही म्हणालीस तर माझ्याशी बोलू नकोस."

सोमवारी सकाळी मी नवा बोर्ड पिशवीत घालून कारखान्यात गेले. गेटवर दादा खुर्चीत बसला होता, त्याच्यापुढे येणाऱ्याजाणाऱ्यांची वही. अंगावर वॉचमनचा सदरा, खांद्याला मोठा होणारा. नियम म्हणजे नियम. त्याने पिशवी तपासली, वहीत माझं नाव घातलं, वेळ घातली.

"कुठे जायचंय?" खाली मान घालून त्याने विचारलं.

मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"सांग ना. लिहायला लागतं."

"चार नंबरला."

त्याने डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरलं आणि लिहायला लागला. दोनच शब्द होते. मागे तीन माणसं खोळंबली होती, तरी मी त्याला घाई केली नाही.