सुरक्षाप्रमुखाची नेमणूक

चालत्या गाडीचं स्टिअरिंग अडकून माणसं मेली, तेव्हा कुठे कंपनीला शहाणपण सुचलं. कोण कशाला जबाबदार, याचा नवा आराखडा करायचं ठरलं आणि ते काम कंपनी सेक्रेटरीबाईंच्या गळ्यात पडलं. बाई कामाला वाघ. त्यांनी आराखडा असा बेतला, की उद्या कोर्टाचं बोलावणं आलंच तर ते संचालकांच्या मजल्यावर चढूच नये; खालीच, सुरक्षाप्रमुख नावाच्या नव्या पदापाशी थांबावं.

बैठकीत अध्यक्षांनी एकच वाक्य काढायला लावलं: धोका दिसल्यास सुरक्षाप्रमुख कारखाना थांबवू शकेल.

"थांबवायचं आम्ही बघू," ते म्हणाले.

बाईंनी वाक्य खोडलं. जबाबदारी त्याची, अधिकार यांचा. बळीचा बकरा बांधायला खुंटा तयार झाला, आणि खरं सांगायचं तर बाईंना आपल्या सफाईचं कौतुकच वाटलं.

मग अध्यक्षांनी त्या पदासाठी नाव घेतलं. तपासणी विभागातला, स्वच्छ, सरळ माणूस. बाईंचा धाकटा दीर. सासू गेल्यावर बाईंनीच त्याला लहानाचा मोठा केला होता.

बाईंच्या पायाखालची जमीन सरकली. "साहेब, तो माझा दीर आहे. लोक नावं ठेवतील."

"मग नातं जाहीर करू. लपवाछपवी नको, हे तुमच्याच आराखड्यात आहे ना?"

सगळे हसले. खरं कारण सांगायचं, तर आपणच लावलेला सापळा आपल्याच तोंडाने दाखवावा लागला असता. हात वर झाले, ठराव मंजूर झाला.

संध्याकाळी बाई तडक तपासणी विभागात गेल्या. दीर टेबल आवरत होता. चेहरा नुसता फुलला होता.

"नाही म्हण," बाई दारातूनच म्हणाल्या.

"वहिनी, वेडी आहेस का? स्टिअरिंगचा तो भाग बदला म्हणून मी कधीचा घसा कोरडा करतोय. कुत्रं विचारत नाही. आता मीच कारखाना थांबवणार!"

"तुला थांबवता येणार नाही. ते वाक्य मी खोडलंय."

तो खो खो हसला. "तू? काहीही सांगतेस! माझी काळजी वाटते, म्हणून ना?"

"अरे, कागद वाच आधी. मग सही कर."

"सही मघाशीच केली. तू लिहिलंयस म्हटल्यावर वाचायचं काय त्यात?"