मामांनी घासलेला नंबर

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे आणि कागदोपत्री मी एकदा मेलेली आहे. घाबरू नका. माझं इंजिन आजही सुरू होतं, थंडीत थोडे आढेवेढे घेतं एवढंच.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. माझी सगळ्यात जुनी आठवण एका हातोडीची आहे. तेव्हा मला चाकं नव्हती, दारं नव्हती, मी नुसता लोखंडी सांगाडा होते. एका कामगाराने माझ्यावर पोलादी ठसा धरला आणि वर हातोडी घातली. मग दुसरा ठसा, मग तिसरा. एकेक आकडा माझ्या अंगात उतरला. त्याला चासी नंबर म्हणतात. माझ्यासारख्या पुष्कळ गाड्या त्या कारखान्यातून बाहेर पडल्या, पण तो नंबर माझ्या एकटीचा होता. ते घाव किती खोल गेले होते, हे मात्र मला म्हातारपणी कळलं.

मला विकत घेतलं ते चष्मे बनवणाऱ्या एका गृहस्थांनी. घरात त्यांना सगळे बाबा म्हणत. आठवड्यातून एकदा ते भिंगांची पेटी माझ्यात ठेवायचे आणि लांबच्या वस्त्यांना निघायचे. तिथे एका मोठ्या झाडाखाली मला उभं करून समोरच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता टांगायचे. मग एकेकाला माझ्या पुढच्या सीटवर बसवून त्याच्या नाकावर एक गोल चौकट अडकवायचे आणि तिच्यात भिंगं बदलत राहायचे. योग्य भिंग बसलं की माणूस एकदम गप्प होई. मला तो क्षण फार आवडायचा. एक आजी तर तक्ता सोडून वर झाडाकडेच बघत राहिल्या.

"अगंबाई, पानं सुटी सुटी आहेत की," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, नुसता हिरवा ढीग असतो."

मी त्या झाडाखाली कितीतरी वेळा उभी राहिले होते. त्या दिवशी मीसुद्धा ते झाड पहिल्यांदा पाहिलं.

बाबांचा एक मेहुणा होता, म्हणजे त्यांच्या मुलीचा मामा. हे मामा पत्राकाम करायचे. चेपलेला पत्रा ते असा सरळ करत की चेपला कुठे होता हे पत्र्यालाही आठवू नये. काम करताना डोळे मिटून घ्यायचे आणि बोटांच्या पाठीने पत्रा चाचपत जायचे. जिथे खरखरीत लागेल तिथे कानस चालवायचे. त्यांना जवळचं दिसत नव्हतं आणि लांबचंही धूसरच दिसायचं, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. पण चष्म्याचं नाव काढलं की ते म्हणत, "दाजी, माझे डोळे बोटांत आहेत." बाबा हसायचे. "साऱ्या जगाला चष्मे लावले, एक मेहुणा तेवढा हातातून निसटला," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत.

मग बाबा गेले. त्यांची मुलगी दुकान बघू लागली. तिला सगळे ताई म्हणतात, म्हणून मीही म्हणते. लोक आता दुकानातच येऊ लागले होते, त्यामुळे वस्त्यांच्या फेऱ्या थांबल्या. मी ताडपत्रीखाली धूळ खात पडले. मला वाईट वाटायचं, खोटं कशाला सांगू. पण बाबांची ती गोल चौकट आणि भिंगांची पेटी माझ्या डॅशबोर्डच्या कप्प्यातच राहिल्या होत्या, त्यांची सोबत होती.

एकदा ताईने मला धुऊनपुसून दुकानासमोर उभं केलं. वस्त्यांच्या फेऱ्या पुन्हा सुरू करायच्या, असं तिच्या मनात होतं. तेवढ्यात उतारावरून ब्रेक निकामी झालेला एक ट्रक आला आणि माझ्यावर आदळला. सुदैवाने कुणाला खरचटलंही नाही. माझी मागची बाजू मात्र पुढच्या सीटला येऊन टेकली.

विमा कंपनीचा माणूस आला. माझ्याभोवती फिरला, खाली वाकून पाहिलं.

"टोटल लॉस," तो म्हणाला. "दुरुस्तीत जेवढे जातील तेवढी हिची किंमतच नाही. गाडी आमच्याकडे द्या, आम्ही भरपाई देतो. ही भंगारात जाईल."

"भरपाईतून भंगाराची किंमत कापून घ्या," ताई म्हणाली, "आणि गाडी मला परत द्या."

"ताई, तुम्ही पत्र्याचा चुराडा विकत घेताय."

"माझ्याच गाडीचा घेतेय ना?"

अशी मी माझ्याच मालकिणीला पुन्हा विकली गेले. पण माझं जुनं नोंदणीपुस्तक जमा झालं आणि बदल्यात आलेल्या कागदावर 'भंगार' असा शिक्का होता. तो शिक्का असेपर्यंत मला रस्त्यावर चाक ठेवायची बंदी होती. दुरुस्ती करायची, मग सरकारी तपासणी. इंजिनचा आणि चासीचा नंबर जुन्या नोंदीशी जुळला, तरच नवी नोंदणी. नाही जुळला, तर थेट चुरा करणाऱ्या यंत्रात.

मामा आता म्हातारे झाले होते, तरी त्यांनी मला हातात घेतलं. अख्खा हिवाळा ठोकाठोक चालली. डोळे मिटून, बोटं फिरवत, त्यांनी मला इंचाइंचाने माणसांत आणलं. मला सारखं आश्चर्य वाटायचं, या हातांना माझा मूळ आकार कसा ठाऊक?

तपासणीच्या दिवशी मला दुसऱ्या गाडीवर चढवून नेलं. तपासणी अधिकारी एक बाई होत्या. त्यांनी इंजिनचा नंबर पाहिला, मान हलवली. मग बॅटरी घेऊन सांगाड्याशी वाकल्या आणि बराच वेळ तशाच राहिल्या.

"चासी नंबर कुठे आहे?"

मामांनी हात पुढे केला. बोटं त्या जागेवरून फिरली. तिथे आरशासारखं गुळगुळीत होतं.

"इथे गंजाची खपली लागली हाताला," ते म्हणाले. "मीच घासली."

"मामा, बघितलं नाहीत?" ताईने विचारलं.

मामा पुन्हा पुन्हा तीच जागा चाचपत राहिले.

"चोरीच्या गाड्यांचे नंबर असेच घासलेले असतात," बाई म्हणाल्या. "माझा तुमच्यावर विश्वास आहे, पण नंबर नसेल तर मला हिला मोडीतच काढावं लागेल. एक करून बघते. ठसा ठोकताना घाव आतपर्यंत जातो. वरचं घासलं तरी आतलं लोखंड दबलेलं राहतं. एक औषध लावते, त्याने तो दबलेला भाग वेगळा दिसू लागतो. आलं तर आलं."

त्यांनी हातमोजे चढवले आणि कापसाने काहीतरी लावलं. मला तिथे झिणझिण्या आल्या. सगळे बघत राहिले. लोखंड कोरंच होतं. त्यांनी पुन्हा कापूस फिरवला. मित्रांनो, तेव्हा मला पहिल्यांदा मरणाची भीती वाटली.

मामांनी पुन्हा बोट पुढे केलं, तर बाई ओरडल्या, "हात लावू नका, भाजेल. बघायचं फक्त."

मामांनी हात मागे घेतला. थोड्या वेळाने खालच्या आवाजात म्हणाले, "ताई, दाजींची ती चौकट आहे का गं?"

ताईने कप्पा उघडला. पेटीतली दोन भिंगं चौकटीत घालून तिने ती मामांच्या नाकावर अडकवली, बाबा अडकवायचे तशीच. मामा वाकले आणि गप्प झाले. ती शांतता माझ्या ओळखीची होती.

"काहीतरी उमटतंय," ते म्हणाले. "हा सात असावा."

बाईंनी भिंग लावलं. सातानंतर चार आला. मग शून्य. थंडीत काचेवर वाफ यावी तसे एकेक आकडे कोऱ्या लोखंडातून वर येत होते. हाताला काहीच लागलं नसतं, पण डोळ्यांना दिसत होते. त्या कामगाराची हातोडी इतकी वर्षं माझ्या आत थांबून राहिली होती आणि मला पत्ता नव्हता. बाईंनी फोटो काढले, जुनी नोंद आणवली, आकड्यावर आकडा ताडून पाहिला.

"जुळला," त्या म्हणाल्या. त्यांचा स्वरही हळू झाला होता. "एवढा स्वच्छ वर आलेला नंबर मी कधी पाहिला नाही."

ताई माझ्या बॉनेटवर डोकं टेकून रडली. पुढे रीतसर परवानगी निघाली आणि तोच नंबर शेजारी पुन्हा ठोकला गेला. माझ्या नव्या नोंदणीवर 'पुनर्बांधणी केलेली' असं लिहिलेलं आहे आणि ते कायम राहणार आहे. मला त्याची लाज वाटत नाही.

नोंदणी हाती आली त्या दिवशी ताईने मला चालवत घरी नेलं. मामा पुढच्या सीटवर बसले होते, नाकावर तीच चौकट. आधी त्यांनी माझं दार निरखलं. "हा रंग दोन तऱ्हेचा लागलाय," ते कुरकुरले. "कुणी सांगितलं नाही मला?"

"सांगून ऐकलं असतंत?" ताई म्हणाली.

मग रस्त्याकडेचं एक झाड आलं. मामांनी तिला थांबायला सांगितलं, तिने चौकटीत लांबची भिंगं बदलून दिली आणि ते माझ्या काचेतून कितीतरी वेळ वर बघत राहिले.

"दाजी मला हे दाखवायला बघत होते होय," ते म्हणाले. "आणि मी बसलोच नाही कधी इथे."

मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर घासा, पुसा, चकचकीत करा. आम्हाला ते आवडतं. फक्त कानस लावायच्या आधी एकदा डोळे उघडून बघा, तिथे कुणी काही लिहून ठेवलेलं असेल. आणि तुमच्याही घरी कुणी, चष्मा नको, म्हणून हटून बसलं असेल, तर त्यांना माझ्याकडे घेऊन या. ताईच्या फेऱ्या सुरू झाल्या आहेत आणि पुढची सीट रिकामी आहे.