बंद केलेली गोळी

सासूबाईंची गोळी मी बंद केली. नवऱ्यानं नाही, डॉक्टरनं नाही, मी. दहावी पास आहे ना मी. औषधाच्या पाकिटावरचं वाचता येणारी घरात एकटीच.

पालीजवळच्या आमच्या वस्तीवरून दरवर्षी दसरा झाला की अर्धी घरं ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकटा गडी मुकादमाला नको असतो. रामप्रसाद आणि मी, असा आमचा कोयता. मुलगी अंजना चौथीत. ती आजीपाशी राहिली तरच शाळा, नाहीतर आमच्याबरोबर उसाच्या पाचटात. म्हणून सासूबाई सुभद्राबाई, ज्यांना मी आत्या म्हणते, त्या धड असणं ही घरातली सगळ्यात मोठी गोष्ट होती.

गेल्या साली भादव्याच्या शेवटी आरोग्य उपकेंद्रातल्या सायली मॅडमनी आत्यांचा बीपी मोजला. एकशे नव्वद. रोजची गोळी सुरू झाली. आठ-दहा दिवसांत आत्यांना उठताना अंधारी यायला लागली. त्यातच दूध उतू गेलं, भाजीत दोनदा मीठ पडलं, अंजनाला त्यांनी माझ्या नणंदेच्या नावानं हाक मारली. आधीही असं व्हायचं, पण तेव्हा मी लक्ष ठेवून नव्हते. चक्कर आली तर या, गोळी बदलू, पण आपल्या मनानं थांबवू नका, असं मॅडमनी बजावलं होतं. तोडीला न्यायचा ट्रक चार दिवसांवर आला होता. मी गेले नाही.

मी माझं डोकं चालवलं. ठिबकच्या पाण्याला जोर नसला की शेवटच्या सरीला थेंब पोचत नाही. मग रक्ताचा जोर कमी केल्यावर ते डोक्यापर्यंत चढणार कसं? आत्यांना म्हणाले, "गोळीनं डोकं सुकायलंय तुमचं. बंद करा." त्यांनी लगेच पाकीट डब्यांच्या मागं सारलं. सून शिकलेली आहे, असं शेजारच्या विमलबाईंना कौतुकानं सांगूनही आल्या.

चक्कर थांबली. मी खुशाल ट्रकमध्ये बसले.

पौषात विमलबाईंचा फोन आला. आत्या चुलीपुढं कलंडल्या होत्या, तोंड वाकडं झालं होतं. आम्ही पोचलो तेव्हा त्या बीडला दवाखान्यात होत्या. हात-पाय महिनाभरात हलायला लागले. माणसं मात्र त्यांच्या डोक्यातून पुसली गेली. रामप्रसादला त्या पाहुणा समजतात, त्याला चहा घ्या म्हणतात.

सायली मॅडमना मी ठिबकचं सगळं सांगितलं, काही न लपवता. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी एवढंच विचारलं, "जोर जास्त झाला तर नळीचं काय होतं?"

"फुटती," मी म्हणाले.

मग त्यांनी समजावलं. वर्षानुवर्षं जास्त दाब सोसून डोक्यातल्या बारीक नळ्या कडक आणि अरुंद होतात. विसरणं तिथून आलं होतं, गोळीतून नाही. बीडला काढलेल्या डोक्याच्या फोटोत जुने डागही होते. दाब हळूहळू उतरवला तर डोकं आपल्यापुरतं रक्त ओढून घेतं. गोळी चालू असती तर हे टळलंच असतं, असं त्या म्हणाल्या नाहीत. टळण्याची आशा जास्त होती, म्हणाल्या. मला रडू यायला हवं होतं. आलं नाही. खाली पडलेला कापसाचा बोळा उचलून मी डब्यात टाकला.

यंदा लांबचा कारखाना धरला नाही. जवळच तेलगावकडं तोड करतोय. कोपीत, म्हणजे आमच्या पाचटाच्या झोपडीत, आत्या असतात आणि त्यांच्यापाशी अंजना. शाळेत तिचं नाव आहे, ती नाही.

सकाळी उसाच्या फडात जायच्या आधी मी गोळी आणि पाणी घेऊन आत्यांपुढं बसते. त्या तोंड मिटून घेतात. मुलाचं नाव विसरल्या, नातीचं विसरल्या, गावाचंही. एक तेवढं पक्कं राहिलंय.

"गोळी न्हाई खायची मला. आमच्या सुरेखानं बंद करा म्हणून सांगितलंय. लई शिकलेली हाय ती."

पहिल्या दिवशी मी गोळी तशीच घेऊन उठले. दुसऱ्या दिवशी म्हणाले, आत्या, मीच सुरेखा. थट्टा करतेय असं वाटून त्या हसल्या. आता मी वाद घालत नाही.

"सुरेखानंच पाठवलीय," मी सांगते. "चालू करा म्हणली."

"कवा यायचीय ती?" असं विचारत त्या हात पुढं करतात आणि गोळी घेतात.