जहाजातला हिरवा

"कॅप्टन, घाणीच्या पाण्याला कंचा रंग द्यायचा?" सरपंच विजयसिंह पंप-हाउसच्या दारात उभं राहून विचारत होते. गहिनीनाथ खाली उकिडवा बसून तीन पाइपांकडे बघत होता. नव्या फिल्टर प्लँटचे पाइप. एकातून पिण्याचं पाणी, एकातून बोअरचं खारं, आणि एकातून फिल्टरनं बाहेर टाकलेलं, ज्याला म्हैससुद्धा तोंड लावत नाही असं.

"जहाजात कसं असतं?" विजयसिंहांनीच पुढे विचारलं.

"जहाजात गोड पाणी निळं. समुद्राचं पाणी हिरवं. घाणीचं काळं."

"काळा नको, उद्या उद्घाटन हाय. निळा ह्यांचा, हिरवा त्यांचा, ते दोन पाण्याला चालतेत. भगवा आपला, तो घाणीला देता येत न्हाई. लाल दिला तर देवीचं म्हणून लोक कुंकू लावतेन." विजयसिंहांनी बराच विचार केला. "तपकिरी द्या. तपकिरी पक्ष अजून निघाला न्हाई."

असा तपकिरी ठरला. गहिनीनाथला नेमका तोच नको होता, पण तो "बरोबर हाय सरपंच" म्हणाला. दिंद्रुडच्या अलीकडच्या ह्या वाडीत जहाजावर जाऊन आलेला तो एकटाच होता. वाडीनं त्याला कॅप्टन करून टाकलं होतं. खरं तर तो इंजिनरूममध्ये पुसापुशी करणारा वायपर होता, आणि पाइपांना रंगाचे पट्टे मारणं एवढंच त्याला नावाजण्यासारखं काम मिळालं होतं. तेवढं मात्र त्यानं गावात खरं सांगितलं होतं. तेच आता अंगाशी आलं.

कारण गहिनीनाथला निळा दिसायचा. लाल अंदाजानं कळायचा. हिरवा आणि तपकिरी हे मात्र त्याच्या लेखी एकाच बापाचे दोन जुळे होते, आणि त्यांची आईसुद्धा त्यांना ओळखू शकली नसती.

मुंबईत मेडिकलला ठिपक्यांचं पुस्तक दाखवतात, त्यात रंग ओळखणाऱ्यालाच दिसणारे आकडे वाचायचे असतात. आधी जाऊन आलेल्या एका पोराकडून ते त्यानं आरतीसारखे पाठ केले: बारा, आठ, एकोणतीस, पाच, तीन. डॉक्टरांनी पान उलटायच्या आधीच एकदा त्याच्या तोंडून पुढचा आकडा निघून गेला होता. डॉक्टर जेवायला उठायच्या घाईत होते. गहिनीनाथ पास झाला.

जहाजावर तो डब्याच्या झाकणावरची नावं वाचून रंग मारायचा. समुद्राच्या पाण्याला हिरवा, तेलाला तपकिरी. सात महिने सुखात गेले. एके दिवशी दोन डब्यांची झाकणं अदलाबदल झाली आणि त्यानं सव्वीस पट्टे उलटे मारले. कुणी चुकीचा वाल्व फिरवायच्या आत साहेबाच्या लक्षात आलं. साहेबानं एक चिंधी त्याच्यापुढे धरून रंग विचारला. गहिनीनाथनं छातीठोक "ग्रीन सर" सांगितलं. चिंधी तपकिरी होती. पुढच्या बंदरात त्याला उतरवलं. घरी येऊन त्यानं सांगितलं, सुट्टी आहे. त्या सुट्टीला आता तीन वर्षं झाली होती.

पंप-हाउसमधल्या तीन डब्यांपैकी एकाचं लेबल ओल्यानं गळून पडलं होतं. पण निळा डोळ्यांनी कळला, 'हिरवा' लिहिलेला वाचता आला, म्हणजे उरलेला तपकिरी. जगात तीनच रंग असते तर गहिनीनाथ आज चीफ इंजिनिअर असता. त्यानं एकेक झाकण उघडून लगेच तेच परत लावलं, पट्टे ओढले, वर वाहत्या पाण्याच्या दिशेचे बाण काढले, आणि घाणीच्या पाइपाला खूण म्हणून सुतळीची गाठ मारली. संध्याकाळी विजयसिंहांनी येऊन बघितलं नि म्हणाले, "जहाजावानी दिसतंय की!" गहिनीनाथला रडू येईल इतका आनंद झाला.

सकाळी उद्घाटनाला सगळी वाडी आली. नारळ फुटला. घागरी घेतलेल्या बायका पुढे सरकल्या. सगळ्यांत पुढे शेजारची तुळजाबाई, सत्तरीची, जिच्या कानाला कमी ऐकू येतं आणि डोळ्याला जास्त दिसतं अशी ख्याती होती.

"गहिन्या, मला लिहिलेलं वाचता येत न्हाई. कंच्या नळाचं पिऊ?"

"काकू, निळ्या पट्ट्याचं प्यायचं. हिरव्याचं भांड्याला, धुण्याला. तपकिरीला हातच लावायचा न्हाई."

"हिरवा म्हंजी कंचा?"

गहिनीनाथ खुशीत होता. माणूस खुशीत असला की दाखला देतो. समोर त्याची बायको सत्यशीला उभी होती. ठेवणीतली साडी नेसून, कौतुकानं बघत.

"ह्या आमच्या सत्यशीलाच्या साडीसारखा. ते बघून घ्या."

तुळजाबाईनं साडी बघितली. मग पाइप बघितले. मग सरळ जाऊन सुतळी बांधलेल्या नळाखाली घागर लावली.

"काकू, त्यो न्हाई! त्यो घाणीचा!"

"तूच म्हन्लास की साडीसारखा."

"साडीसारखा हा मधला. हिरवा."

"मंग साडी कावून चॉकलेटी दिसतीया?"

विजयसिंहांनी साडी बघितली, मधला पाइप बघितला, आणि गहिनीनाथच्या तोंडाकडे बघितलं. मागून कुणीतरी फिसकन हसलं. गहिनीनाथला वाटलं, फिल्टरनं आपल्यालाही आत ओढून घ्यावं आणि सुतळीच्या नळातून बाहेर सोडून द्यावं.

"हिरवीच हाय," सत्यशीला म्हणाली. "धुऊन धुऊन रंग उडालाय."

"रंग उडाला की फिका पडतो बाई," तुळजाबाई म्हणाली. "चॉकलेटी न्हाई होत."

सत्यशीलानं रफू केलेला पदर खांद्यावरून पुढे घेतला. "आमच्या घरात ह्यालाच हिरवं म्हणतेत," ती म्हणाली, आणि तुळजाबाईची घागर उचलून निळ्या पट्ट्याच्या नळाखाली ठेवली.

गहिनीनाथला ती साडी आठवली. लेक सुकन्याच्या वेळी सत्यशीलाला सातवा महिना लागला तेव्हा ओटी भरायला हिरवी साडी पाहिजे होती. तो स्वतः माजलगावला गेला होता. दुकानदारानं गठ्ठा टाकला आणि फोनवर बोलत बसला. विचारायची लाज वाटली म्हणून त्यानंच हात घालून एक काढली. घरी घडी उघडल्यावर बायका एकमेकींकडे बघू लागल्या होत्या. भावजय अंजना काहीतरी बोलणार होती, तेवढ्यात सत्यशीला म्हणाली होती, "लई झ्याक हिरवी हाय." हिरवा चुडा भरून ती ह्या साडीत पाटावर बसली होती. ते जहाजाच्या दोन वर्षं आधीचं. म्हणजे तो आकड्यांची आरती पाठ करत होता तेव्हा तिला माहीत होतं. तो सुट्टीवर आला तेव्हाही.

घरी जाताना ती दोन पावलं पुढे होती. बोरीच्या झाडापाशी तो थांबला.

"सत्यशीला, मला सुट्टी न्हाई दिली त्यांनी. हाकललं."

"म्हाईत हाय."

"कवापासून?"

"अहो, तीन वरसं सुट्टी तहसीलदाराला तरी मिळती का?" ती म्हणाली. थोडं चालून पुन्हा म्हणाली, "मी ते तुमी जहाजावर जायच्या आधीच बोलाया पाहिजे व्हतं. पण तुमी लई खुश व्हतात."

त्याला वाटलं होतं, ती रागावेल आणि आपण खाली मान घालू. ती रागावली नाही. त्यामुळे मान वर करायला जागाच राहिली नाही.

वाडीनं वाडीसारखंच केलं. आठवडाभरात किराणा दुकानात कुणी हिरवा दोरा मागितला की केदारनाथशेठ चष्म्यावरून विचारू लागले, "साधा हिरवा का जहाजातला?" गहिनीनाथ दुकानावरून जायचं टाळू लागला. पंप-हाउसवर मात्र जाऊन आला. काळ्या रंगानं निळ्या पाइपावर घागरीचं चित्र काढलं, हिरव्यावर परातीचं, आणि तिसऱ्यावर म्हैस, तोंड फिरवून उभी. तुळजाबाईनं म्हशीच्या शिंगांत चूक काढली, पण घागर बरोबर लावली.

रविवारी दुपारी वारं सुटलं. सत्यशीलाचे हात पिठात होते. तिनं आतून हाक मारली, "अहो, दोरीवरची हिरवी साडी तेवढी आत आणा, उडंल."

दोरीवर दोन साड्या होत्या. एक तिच्या भावानं संक्रांतीला घेतलेली, एक ती ओटीची. गहिनीनाथ दोन्हींपुढे उभा राहिला. दोन्ही सारख्याच फडफडत होत्या. मग त्यानं डोळे मिटले आणि काठावरून बोट फिरवत गेला. पहिल्या साडीचा काठ अखंड होता. दुसरीला पदराजवळ बोटभर रफू लागलं.

ती त्यानं ओढून काढली, आत नेली. सत्यशीलानं पिठाचे हात पुसले, साडीकडे बघितलं, आणि घडी घालायला एक टोक त्याच्या हातात दिलं.