चक्की आणि मनोरा

मुलाला घ्यायला आलेला खेर्बेन होडीतून बेटावर उतरला आणि त्याने टेकाडाकडे पाहिलं. पवनचक्की जागेवर नव्हती. शंभर पावलं पूर्वेला, उंचावर, नवीकोरी चक्की गरगरत होती.

खेर्बेन आम्स्टरडॅमचा नकाशेवाला. या खाडीत शिरायची एकच खूण त्याने नकाशात दिली होती: चक्की चर्चच्या मनोऱ्यासमोर येऊ द्या, मग सरळ आत घ्या. ती रेघ चुकली की वाळूचा दांडा, आणि त्या दांड्याने गिळलेली गलबतं मोजायचं बेटावरच्या म्हाताऱ्यांनीही सोडून दिलं होतं.

समुद्रावर एका गलबताची दोन शिडं दिसत होती. एकावरचं पिवळं ठिगळ त्याच्याच बायकोने शिवलेलं.

धापा टाकत तो टेकाड चढला. चक्कीवाली आउक्ये दारात पोती झटकत होती.

"बाई, ही इथे कधी आली?"

"जुनी जळली ना हिवाळ्यात! पत्र धाडलं होतं की तुम्हाला. पोचलं नाही?"

पोचलं होतं. छापून ठेवलेले दोनशे नकाशे आधी खपू देत, म्हणून त्याने ते फळीवर टाकलं होतं. तेव्हा त्याला लाजसुद्धा वाटली नव्हती.

"ते माझ्या योरिटचं गलबत आहे. माझा नकाशा बघून येतोय."

"मग काय झालं? पाणी मापायला शिसं सोडेल की दोरीला बांधून!"

"नाही सोडणार. मीच बजावलंय त्याला. शिसं खोटं बोलेल, बापाची रेघ नाही."

आउक्येच्या हातातलं पोतं गळून पडलं.

"पेटवा ही चक्की," खेर्बेन म्हणाला. "जाळ दिसला की बिचकेल तो."

"पुन्हा जाळू? अहो, गावाचं पीठ आहे आत!"

असं म्हणत तीच आत धावली आणि चुलीतले निखारे फावड्यावर घेऊन आली. छपराचं गवत पहाटेच्या धुक्याने ओलंचिंब होतं. निखारे चुरचुरले. खेर्बेन फुंकत राहिला, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत फुंकत राहिला. नुसता हातभर धूर निघाला आणि वाऱ्याने तोही पळवला.

खाली गलबत सावकाश, अगदी जपून दांड्याकडे वळत होतं. तिथून चक्की मनोऱ्यासमोर यायला आता बोटभरच अंतर उरलं असेल. योरिटने बापाचा शब्द कधी मोडला नव्हता.