ग्रीफ कोणाच्या नावावर

पुण्यानुमोदनाची, म्हणजे मयतानंतरच्या कार्यक्रमाची, पत्रिका इंग्रजीत काढायची, हे गुणवंतरावांनी मीराबाईला विचारलं नाही, सांगितलं. त्यांचा धाकटा भाऊ, तिचा नवरा दसरू, वनरक्षक होता. अहेरीच्या जंगलात ताप भरला, अन् दवाखान्यात वारला. त्याच्या जागी घरातल्या एकाला नोकरी लागणार होती. मीराबाई सातवी पास. तिला ती हवी होती. गुणवंतरावांना ती आपल्या मुलासाठी, खुशालसाठी हवी होती.

मूलच्या छापखान्यात त्यांनी कागद पुढे केला. वर खुशालचं नाव, मीराबाई खाली 'आणि परिवार' मध्ये.

"हे नावाच्या आधी काय लिवलं, भाऊजी?"

"ग्रीफ-स्ट्रिकन. तुले नाई समजणार. सॅड म्हणजे जरासं मन लागत नाई ते. सॉरो त्याच्याहून जड. अन् ग्रीफ म्हणजे घरचं माणूस मेल्याचं. त्याचा घाव ज्याले बसला, तो ग्रीफ-स्ट्रिकन. जंगलखात्याच्या साहेबावर वजन पडते."

मीराबाईच्या मनात माणसांची खाती पक्की होती: आजारपणात आलेले वेगळे, मेल्यावर आलेले वेगळे.

"शेजाऱ्याले चालते का हा शब्द?"

"नाई."

"ऑफिसातल्या सोबत्याले?"

"त्याले फार तं सॉरो."

"अन् काका दवाखान्यात फणफणत असताना जो दारातूनच परत गेला, त्याले?"

छापखानेवाला सोमाजी छपाईच्या अक्षरांच्या खिळ्यांच्या पेटीत उगाच काही शोधू लागला.

"मले शिकवतं का वं?"

"तुमच्याच जवळ शिकून राह्यली. सोमाभाऊ, खुशालले सॅडमध्ये टाका. मन लागत नसंन त्याचं."

"बाईमाणसाले साहेब जंगलात ठेवीन का? काऊन हट्ट करतं?" गुणवंतराव ओरडले.

"हां. आता बोलले खरं. पत्रिका मयताची नाई, नोकरीची हाये."

गुणवंतरावांनी कागद ओढून खिशात कोंबला. "माझ्या घरचं कोणी येणार नाई कार्यक्रमाले!"

"तापातही तुमच्याबिगरच निभलं." मीराबाई सोमाजीकडे वळली.

"सोमाभाऊ, मराठीत छापा," ती म्हणाली. "शोकाकुल मीराबाई अन् पोरगी कांता. बस."

गुणवंतराव तरातरा स्टँडकडे निघाले. त्यांच्या घराकडची चंद्रपूरची गाडी उभी होती. ते त्या गाडीकडे फिरकलेही नाहीत. अहेरीच्या गाडीत चढले. नोकरी देणारा साहेब अहेरीलाच बसायचा.

मीराबाईनं अर्ज अन् मृत्यूचा दाखला पदरात बांधला आणि त्याच गाडीत चढली. गुणवंतराव मागे खिडकीशी तोंड फिरवून बसले होते. तिनं दाराजवळची, सगळ्यांआधी उतरता येईल अशी जागा धरली, आणि अहेरी येईपर्यंत कोणी कितीही 'सरका' म्हटलं, तरी ती सरकली नाही.