पुनमच्या गालाखालचा दस्ता

मी बोलतोय तो बंदुकीचा दस्ता. दचकू नका. बंदूक छर्ऱ्याची, हवेवर चालणारी. तिला दारू लागत नाही, परवानाही लागत नाही. बंदूक म्हटलं की लोक नळीकडंच बघतात. मागं लाकूड असतं, ते खांद्याला टेकतं, त्याच्यावर गाल ठेवल्याबिगर नेम धरता येत नाही, हे कुणाच्या ध्यानात येत नाही. मला त्याचं काही वाटत नाही. लाकडाला घाई नसते. सांगतो सावकाश.

मी मूळचा उदगीरजवळच्या शिवारातला, शेषेरावांच्या बांधावरच्या बाभळीचा. एका वावटळीत ती बाभूळ आडवी झाली. तिच्यातून कुणी तिफणीचा दांडा झालं, कुणी कुऱ्हाडीचा. शेषेरावांच्या घरात तेव्हा ही बंदूक होती, पण तिचा कारखान्यातला दस्ता पडून चिरला होता. त्यांनी एक ओंडका बाजूला काढला. वाकसानं तासला, काचेच्या तुकड्यानं खरवडला, वर जवसाचं तेल पाजलं. रोज थोडं थोडं. त्यांची बायको चतुराबाई म्हणायच्या, "आवं, लेकराला न्हाऊ घालायलाव का लाकडाला?" शेषेराव हसायचे अन् हात फिरवत राहायचे. असा मी झालो.

काम माझं सोपं होतं. ज्वारी हुरड्यात आली की वानरं यायची. शेषेरावांनी वानरावर कधी नेम धरला नाही. लिंबाला तेलाचा रिकामा डबा टांगलेला असायचा, त्याच्यावर छर्रा मारायचे. ठण्णकन आवाज व्हायचा अन् वानरं पांगायची. नळी जाड, मोठ्या तोंडाची. डबाही मोठा. अंदाजानं भागायचं.

पुढं शिवारात सगळीकडं सोयाबीन आलं, कुंपणाला विजेचा झटका आला, अन् मी माळ्यावर गेलो. तिथं बरीच वर्षं धूळ खाल्ली. शेषेरावांचा मुलगा सुदर्शन एकदा म्हणाला, "दादा, बंदूक भंगारात घालू का?"

"का? भाकर मागायलीय का ती तुला?" शेषेराव म्हणाले. तेवढ्यावर मी वाचलो.

मला खाली काढलं ते पुनमनं. ही सुदर्शनची लेक, नववीत शिकणारी. उदगीरला बंद पडलेल्या डाळमिलच्या गोदामात माणिकप्पा सर पोरापोरींना नेमबाजी शिकवतात. फौजेतून आलेले, आवाज असा की कबुतरं उडावीत. त्यांच्याजवळच्या रायफली मोठ्या पोरांच्या वाट्याला गेल्या होत्या. दसऱ्यानंतर लातूरला स्पर्धा होती. ज्याला जायचं त्यानं आपली बंदूक आणायची. नवी घेणं घराला झेपणारं नव्हतं.

पुनमनं मला पोत्यात गुंडाळून नेलं. माणिकप्पांनी उलटंपालटं करून बघितलं.

"दस्ता झकास हाय गं. पण नळी मोठ्या छर्ऱ्याची. स्पर्धेला बारीक छर्राच लागतो. वरचं सगळं लोखंड बदलून आण बापाला सांगून. मग छर्रे नेमाच्या कार्डावर कसे बसतात ते बघतो. बसले तर तू लातूरला. न्हाई बसले तर घरी बसून टाळ्या वाजव."

सुदर्शन पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतो, लोखंड त्याच्या हातातलं. नांदेडला जाऊन त्यानं बारीक छर्ऱ्याची नळी, तिचं मागचं नळकांडं, स्प्रिंग, घोडा असं एक एक आणलं अन् ओसरीवर पोतं अंथरून जोडलं. जुनी नळी उतरली तेव्हा मला अंगातून काही निघून गेल्यासारखं झालं. खोटं कशाला बोलू, माझी ती सोबतीण होती.

नवं नळकांडं जुन्यापेक्षा रुंद निघालं. माझ्या खाचेत बसेना.

सुदर्शन म्हणाला, "मशीननं खाच मोठी करतो. फट राहिली की लांबीचा लगदा भरू अन् मोकळं होऊ."

"लांबी खिडकीला भरत्यात," शेषेराव म्हणाले. "ह्याच्यावर पोरीला गाल ठेवायचाय."

"दादा, तुमच्या हातानं करायचं म्हणजे पुढच्या दसऱ्याला होईल."

शेषेराव उठले. आत जाऊन चतुराबाईची काजळाची डबी घेऊन आले. नळकांड्याला बोटानं पातळ काजळ फासलं, माझ्या खाचेत दाबलं अन् उचललं. जिथं लोखंड रुतत होतं तिथं माझ्या अंगावर काळा डाग उठला. तेवढाच डाग काचेनं खरवडला. पुन्हा काजळ, पुन्हा दाबणं, पुन्हा खरवडणं. पुनम शाळेतून आली की दप्तर टाकून शेजारी बसायची.

"आबा, अजून किती?"

"लाकूड सांगंल की."

मग एक दिवस त्यांनी काच तिच्या हातात दिली. पहिल्यांदा तिचा हात जड पडला अन् मला चांगलाच ओरखडा बसला. शेषेरावांनी नुसतं तिचं मनगट हलकं धरलं. पुढं हात वळला. होता होता असा दिवस आला की लोखंड उचललं तर काजळ सगळीकडं सारखं उठलेलं. कुठं रुतत नाही, कुठं डुलत नाही. चतुराबाई रिकामी डबी बघून म्हणाल्या, "म्या कोरड्या डोळ्यानं लग्नाला जाऊ का आता?"

गोठ्यामागं सोयाबीनची भरलेली पोती रचली, त्याच्यावर कार्ड लावलं. पुनमनं माझ्यावर गाल ठेवला. तिचा श्वास थांबलेला मला कळला. छर्रे असे बसले की सगळी भोकं एका रुपयाच्या नाण्याखाली झाकावीत. सुदर्शननं कार्ड उन्हाकडं धरून पुन्हा पुन्हा बघितलं. "दादा, लांबी भरली असती तर झक मारली असती म्या," एवढंच म्हणाला.

मग आली खंडेनवमी. आमच्याकडं त्या दिवशी विळे, कुऱ्हाडी, पाने-पक्कडी, मोटारीची अवजारं, सगळं धुऊन पुसून मांडतात अन् पूजा करतात. मीही पाटावर होतो, नवी नळी घेऊन. दसरा झाला अन् दुसऱ्या दिवशी आम्ही माणिकप्पांकडं गेलो.

काय झालं कुणालाच कळेना. एक छर्रा वर, एक खाली, एक तर कार्डाच्या कडेला. पुनमनं पुन्हा पुन्हा श्वास धरला. उपयोग नाही. माणिकप्पांनी मला हातात घेऊन हलवलं अन् मान हलवली.

"इल्ला, इल्ला, न्हाई जमत. बाभळीचं लाकूड हे, उन्हानं वाकलं असंल. सुदर्शन, दस्ता बदला. रविवारी शेवटचं बघतो. सोमवारी नावं लातूरला जायलीत."

मी वाकलो नव्हतो. माझ्या अंगात काही हललं नव्हतं. पण लाकडाचं कोण ऐकतं?

मोटारसायकलवर पुनमनं मला मांडीवर आडवं धरलं होतं. घरी आल्यावर सुदर्शन म्हणाला, "नांदेडला फोन करतो. प्लास्टिकचा दस्ता मिळतोय."

"मग ह्याचं काय?" चतुराबाईंनी भाकरी थापता थापता विचारलं.

"ह्याचं काय, चुलीला."

चूल तिथंच पेटलेली होती. शेषेराव तेवढे गोदामातलं कार्ड हातात घेऊन उंबऱ्यावर बसले होते. अक्षर येत नाही त्यांना, पण भोकं वाचत होते म्हणा.

"सुदर्शनची माय," ते म्हणाले, "हिकडं ये जरा. माझी नजर कमी हाय. ह्या भोकांच्या कडा लाल दिसायल्यात का?"

चतुराबाईंनी हात पुसले. कार्ड उजेडात धरलं, बोट फिरवलं, नाकाशी नेलं. अन् त्यांचा चेहराच उतरला.

"ही तर माझी पिंजर हाय."

सगळे त्यांच्याकडं बघायला लागले.

"खंडेनवमीला तेलात कालवून लावली की म्या. नळीच्या तोंडाला. माळ्यावर जायच्या आधी दरसालाला लावायची."

"माय, तोंडाला?" सुदर्शननं कपाळाला हात लावला.

"मग काय शेपटाला लावू? देवाला कुंकू कुठं लावत्यात?"

पहिल्यांदा पुनम हसली. मग शेषेराव. मग चुलीपुढं सगळंच घर.

खरं तेच होतं. तेलातली पिंजर नळीच्या ओठाला वाळून बसली होती. छर्रा बाहेर पडताना तिला घासायचा अन् वाट सोडायचा. जुन्या नळीला हे दरसाल व्हायचं, पण तिला डबाच वाजवायचा होता. नवीला चालत नव्हतं.

सुदर्शन चिंधी घेऊन पुढं झाला तशा चतुराबाईंनी त्याचा हात बाजूला केला. "म्या लावली, म्याच पुसते." लुगड्याचा पदर तेलात बुडवून त्यांनी ओठ असा पुसला, जसं लेकराचं तोंड. पण पूजेचं कुंकू पुसून ते अवजार तसंच ठेवणं त्यांच्या जिवाला पटेना. त्यांनी बोट पुन्हा पिंजरीत बुडवलं अन् या खेपेला माझ्या लाकडावर टेकवलं. गाल टेकतो तिथं.

रविवारी पुनमनं छर्रे मारले. माणिकप्पांनी कार्ड काढून आणलं. मग मला उचलून टकटक वाजवलं.

"कुठनं आणला हा दस्ता?"

"तोच हाय सर. आज्जीनं नळीचं तोंड पुसलं."

सगळी हकीकत ऐकून माणिकप्पा असे हसले की गोदामातली उरलीसुरली कबुतरंही उडाली. "बरोबर हाय," म्हणाले, "लाकडाला दोष दिला म्या, तर म्याच माफी मागतो त्याची." अन् माझ्यावर हात ठेवला. फौजेतल्या माणसाचा हात, जड अन् गरम.

लातूरला पुनम तिच्या गटात पहिली आली. मी तिथंच होतो, तिच्या गालाखाली, म्हणून ऐकीव नाही सांगत. तिचं नाव पुकारलं तेव्हा शेषेराव टाळ्या वाजवायचे विसरले. नुसते उभे राहिले. फोटोवाला म्हणाला, "बाळ, गालाला लाल लागलंय, पूस." पुनम म्हणाली, "राहू द्या." तो फोटो आता ओसरीवर आहे. गालावर लाल ठिपका, गळ्यात पदक.

मी त्याच्याखाली खुंटीवर असतो. अजून पुष्कळ स्पर्धा बघायच्यात. दर खंडेनवमीला चतुराबाई मला ठिपका लावतात, नळीला लांबूनच हात जोडतात. तुमच्याही घरात माळ्यावर एखादं जुनं लाकूड पडलं असेल. चुलीत घालायच्या आधी त्याच्यावरून एकदा सावकाश हात फिरवा. घाई करू नका. त्याला सांगायला वेळ लागतो.